पडद्यावर तार दिसली, तर दिसू द्या

गेल्या अंकात मी सॅम रेमी यांच्या ‘इव्हिल डेड टू’विषयी लिहिलं होतं. १९८७चा चित्रपट, लांबी अवघी ८४ मिनिटं. ॲश नावाचा तरुण लिंडा या मैत्रिणीला घेऊन जंगलातल्या एका लाकडी घरात येतो. तिथल्या टेपरेकॉर्डरवर एका प्राध्यापकाने म्हणून ठेवलेले मंत्र वाजतात आणि झाडीतलं काहीतरी जागं होतं. पुढे रक्त, किंकाळ्या आणि पोट धरून हसणं हे सगळं एकदमच सुरू होतं. २०१८मध्ये लायन्सगेटने त्याची फोर-के अल्ट्रा एचडी ब्लू-रे काढली. ती अंधाऱ्या खोलीत, चांगल्या आवाजात पाहा, असा आग्रह मी धरला होता. त्यावर भरपूर पत्रं आली. त्यातल्या काहींना इथे उत्तरं देते.

प्रश्न : ताई, तुमचं वाचून डिस्क मागवली. चित्र इतकं लख्ख आहे की म्हातारीच्या भुताचा पोशाख रबराचा आहे हे सरळ कळतं. लहानपणी हाच चित्रपट कॅसेटवर पाहून रात्रभर झोप लागली नव्हती. एवढ्या स्पष्टपणामुळे उलट मजा गेली, असं नाही का वाटत?

नाही वाटत. पण तुम्ही विचारताय ते महत्त्वाचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

व्हीएचएस कॅसेटवर जेमतेम २४० रेषांइतका तपशील मावायचा. अंधारातलं सगळं एकमेकांत मिसळून जायचं आणि त्या गढूळपणात आपलं मन हवं ते भूत बघायचं. ती भीती खोटी नव्हती. पण हा चित्रपट कॅसेटसाठी काढलेला नव्हता. तो ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाला आणि मोठ्या पडद्यावर लागला. पोशाखाच्या सुरकुत्या पडद्यावर दिसणार, हे तो करणाऱ्यांना पक्कं माहीत होतं. तरीही त्यांनी कॅमेरा त्या पोशाखाच्या अगदी जवळ नेला.

तळघरातून वर येणारी ती म्हातारी म्हणजे हेन्रिएटा. त्या अंगभर पोशाखाच्या आत दिग्दर्शकाचा धाकटा भाऊ टेड रेमी आहे. चित्रीकरण नॉर्थ कॅरोलायनातल्या वेड्सबरो या गावी झालं आणि घराचा आतला भाग एका शाळेच्या व्यायामशाळेत उभारला होता. हवा उकाड्याची, वर दिव्यांची धग, आणि टेड नखशिखांत रबरात. हेन्रिएटा हवेत गरागरा फिरते तो प्रसंग पुन्हा लावा आणि तिच्या कानाकडे लक्ष ठेवा. कानातून पाण्याची धार उडताना दिसते. तो टेडचा घाम आहे, पोशाखात साठलेला. कॅसेटवर ती धार तुम्हाला कधीच दिसली नसती. मला तो चित्रपटातला सगळ्यात मोलाचा क्षण वाटतो, कारण तिथे भूतही दिसतं आणि भुतासाठी राबणारा माणूसही.

विशेष मेकअपची जबाबदारी मार्क शोस्ट्रम यांच्याकडे होती. त्यांच्या हाताखालच्या तरुणांत ग्रेग निकोटेरो, हॉवर्ड बर्गर आणि रॉबर्ट कर्ट्झमन होते. या तिघांनी १९८८मध्ये ‘केएनबी’ ही स्वतःची संस्था काढली आणि पुढची कित्येक वर्षं अमेरिकेतल्या भयपटांना चेहरे दिले. त्यांची ही उमेदवारीतली कामगिरी तुम्हाला घरबसल्या, सुरकुतीन् सुरकुती पाहायला मिळते आहे. लिंडाचं मुंडकं नसलेलं धड चांदण्यात नाचतं, तो नाच डग बेस्विक यांनी छोट्या बाहुलीवर केला. बाहुली किंचित हलवायची, एक फ्रेम टिपायची, पुन्हा हलवायची. त्या नाचात हिसके आहेत, आणि म्हणूनच तो अंगावर येतो. माणसाचं शरीर तसं हलत नाही, हे आपल्या डोळ्यांना लगेच कळतं.

आणि या चित्रपटात साधं, वास्तव असं आहे तरी काय? कॅमेरा जमिनीलगत सुसाट धावतो, दारं फोडून आत घुसतो, तिरका होतो, उलटा होतो. ॲश झालेला ब्रूस कॅम्पबेल स्वतःच्याच झपाटलेल्या हाताचा मार खातो, स्वतःच्याच डोक्यावर बशा फोडून घेतो. सगळं मुद्दाम वाढवलेलं, रंगवलेलं आहे. अशा जगात रबराची शिवण दिसली किंवा एखादी तार चमकली, तर ती त्या जगाचीच वाटते. चांगली प्रत ही कारागिरी उघडी करते. ती झाकली जावी अशी माझी मुळीच इच्छा नाही.

प्रश्न : नव्या टीव्हीवर डिस्क लावली, तर चित्रभर मुंग्या आल्यासारखं दिसतं. काही दृश्यांत फारच. काही दृश्यं तर धूसरही आहेत. डिस्क खराब निघाली का?

डिस्क चांगली आहे. त्या मुंग्या म्हणजे ग्रेन. फिल्मवरची प्रतिमा बनलेलीच कणांची असते. रंगीत निगेटिव्ह धुताना चांदी निघून जाते आणि तिच्या जागी रंगाचे सूक्ष्म ठिपके राहतात. प्रत्येक फ्रेमवर त्यांची रचना वेगळी, म्हणून ते सळसळताना दिसतात. मी फिल्म लॅबमध्ये रंग जुळवण्याचं काम करायचे, तेव्हा या कणांवरूनच कळायचं की समोरचं दृश्य थेट कॅमेऱ्यातल्या निगेटिव्हवरून आलंय की नकलेवरून.

तुमच्या धूसर दृश्यांचं उत्तरही त्यातच आहे. १९८७मध्ये दोन प्रतिमा एकत्र करायच्या, म्हणजे आकाशातला भोवरा आणि खाली उभी माणसं एका चौकटीत आणायची, तर ऑप्टिकल प्रिंटर वापरावा लागे. एका फिल्मवरून दुसऱ्या फिल्मवर पुन्हा छायाचित्रण करायचं. दर नकलेला तीक्ष्णपणा थोडा उतरतो, ग्रेन वाढतो, काळा रंग थोडा जास्त साचतो. फोर-के स्कॅनमध्ये हा फरक झाकला जात नाही. एखादं दृश्य अचानक खरखरीत झालं की समजा, आता काहीतरी चमत्कार घडणार आहे. दृश्य बदलण्याआधी अर्धा क्षण ते कळायला लागलं की पाहण्यात एक वेगळीच गोडी येते.

आता टीव्हीकडे वळू. बहुतेक टीव्ही दुकानात उठून दिसावेत अशा बेताने लावलेले असतात. पहिलं काम, ‘नॉइज रिडक्शन’ पूर्ण बंद करा. ते ग्रेन पुसतं, पण त्याबरोबर त्वचेची छिद्रं, लाकडाच्या रेषा, कपड्यांचा पोतही पुसतं आणि माणसं मेणाची दिसू लागतात. ‘शार्पनेस’ खाली आणा, माणसांच्या कडांना पांढरी किनार दिसेनाशी होईपर्यंत. आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. तिला कुणी ‘ट्रू मोशन’ म्हणतं, कुणी ‘मोशन फ्लो’, कुणी ‘ऑटो मोशन प्लस’. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. ही सोय दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या अंदाजाने नव्या फ्रेम घालते. लिंडाच्या नाचाचं ती अक्षरशः वाटोळं करते. बेस्विक यांनी हाताने दिलेला प्रत्येक हिसका ती लोण्यासारखा वितळवून टाकते. हे सगळं एकेक करून शोधायचा कंटाळा असेल, तर मेनूत ‘फिल्ममेकर मोड’ आहे का बघा. २०१९मध्ये टीव्ही कंपन्या आणि चित्रपट व्यवसायातल्या मंडळींनी मिळून तो आणला. तो निवडला की यातलं बरंचसं आपोआप बंद होतं.

प्रश्न : ऑनलाइनसुद्धा फोर-के असतं. मग डिस्क आणि वेगळा प्लेयर हा खटाटोप कशाला?

फोर-के म्हणजे फक्त ३८४० गुणिले २१६० ठिपके. त्या ठिपक्यांत किती माहिती भरली आहे, हे आकड्यावरून कळत नाही. अल्ट्रा एचडी डिस्कवरून सेकंदाला शंभराहून जास्त मेगाबिट माहिती येऊ शकते. ऑनलाइन फोर-के साधारण १५ ते २५ मेगाबिटमध्ये भागवतं. दिवसाउजेडात दोन माणसं बोलत बसली असतील, तर हा फरक फारसा जाणवणार नाही. पण ‘इव्हिल डेड टू’मध्ये धुकं आहे, धूर आहे, विजा आहेत, उडणारं रक्त आहे आणि या सगळ्यावर ग्रेन आहे. माहिती दाबून लहान करणाऱ्या यंत्रणेला याहून अवघड काही नसतं. कमी बिटमध्ये धुक्याचे चौकोन पडतात आणि काळोखात पायऱ्या-पायऱ्या दिसतात.

तरीही, प्लेयर नसेल म्हणून हा चित्रपट पाहायचाच राहिला, असं होऊ देऊ नका. ऑनलाइन पाहा, फक्त टीव्हीला इंटरनेटची तार थेट जोडा आणि सर्वोच्च दर्जा निवडल्याची खात्री करा. डिस्क घेणार असाल, तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. साधा ब्लू-रे प्लेयर फोर-के डिस्क वाचत नाही. त्याला अल्ट्रा एचडी प्लेयर लागतो, किंवा डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ सारखा गेमिंग कन्सोल. आणि फोर-के डिस्कला रीजनचं, म्हणजे ठराविक देशांतल्या प्लेयरवरच चालण्याचं, बंधन नसतं, पण त्याच डबीत येणाऱ्या साध्या ब्लू-रेला असू शकतं. जोड-डिस्क लागली नाही म्हणून मुख्य डिस्क परत पाठवू नका.

प्रश्न : आमच्याकडे एचडीआर सुरू झाल्याचं टीव्ही दाखवतो, पण चित्र आधीपेक्षा काळोखं वाटतं. ब्राइटनेस वाढवू का?

आधी खोलीतले दिवे घालवा. एचडीआर म्हणजे गडद अंधारापासून झगझगीत उजेडापर्यंतचा मोठा पल्ला दाखवणारं चित्र. साध्या व्हिडिओत टीव्हीला फक्त एवढंच कळतं की अमुक भाग तमुक भागापेक्षा उजळ आहे. म्हणून दिवसा आपण सगळंच वर चढवून पाहू शकतो. एचडीआरमध्ये अमुक ठिकाणी नेमका किती प्रकाश हवा, हे डिस्क सांगते. तो हिशोब अंधाऱ्या खोलीसाठी केलेला असतो. खिडकी उघडी असेल, तर सावल्यांमधला तपशील खोलीतल्या उजेडात बुडणारच. एवढं करूनही अंधुक वाटलं, तर टीव्हीची ‘एनर्जी सेव्हिंग’ आणि खोलीतला प्रकाश मोजणारा सेन्सर बंद आहे का पाहा. या डिस्कवर डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचाच एक प्रकार आहे. तुमच्या टीव्हीत ते असेल, तर त्याचे दोन पर्याय मिळतील, एक उजेडातल्या खोलीसाठी आणि एक अंधारासाठी. टीव्हीत डॉल्बी व्हिजन नसलं तरी हरकत नाही, त्याच डिस्कवरून साधं एचडीआर मिळतं.

चित्र नीट लागलं की नाही, हे पाहायला रक्तासारखं साधन नाही. या चित्रपटातलं रक्त नुसतं लाल नाही, कुठे काळं आहे, कुठे हिरवं. अमेरिकेतल्या प्रमाणन मंडळाने ‘एक्स’ म्हणजे फक्त प्रौढांसाठीचा शिक्का मारू नये, म्हणून रंग बदलण्याची युक्ती केली होती. शेवटी चित्रपट प्रमाणपत्राशिवायच प्रदर्शित झाला. पण त्या युक्तीतून चित्रपटाला त्याची रंगपेटी मिळाली. भूत झालेल्या एडवर कुऱ्हाडीचे घाव बसतात आणि भिंतीवर हिरवे फवारे उडतात, ते पाहताना शिसारीही येते आणि हसूही. भिंतीच्या भोकातून लाल रक्ताचा लोंढा ॲशच्या तोंडावर आदळतो, ते दृश्य लावा. लालात ओलेपणा दिसला पाहिजे, धारेची घडी दिसली पाहिजे, कडेला तो गडद होत गेला पाहिजे. सगळा लाल एकसारखा सपाट दिसत असेल, तर टीव्हीचा ‘व्हिव्हिड’ मोड चालू राहिलाय. सपाट लालाने पीटर डेमिंग यांचं सगळं छायाचित्रण वाया जातं.

प्रश्न : आवाजासाठी वेगळे स्पीकर घ्यायलाच हवेत का? आम्ही टीव्हीच्या आवाजावरच पाहिला. ठीक वाटला.

शक्य असेल तर घ्या. मोठा संच नको, समोर दोन चांगले स्पीकर असले तरी खूप फरक पडेल. टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात आणि चित्रपटातली सगळी गंमत आवाजाच्या चढ-उतारात आहे.

उदाहरण म्हणून एकच प्रसंग सांगते. रक्ताचा लोंढा थांबलाय. ॲश दमून खुर्चीवर बसायला जातो, खुर्ची मोडते, तो धाडकन खाली आपटतो. क्षणभर शांतता. आणि भिंतीवर टांगलेलं हरणाचं मुंडकं मान वळवून त्याच्याकडे बघतं आणि हसायला लागतं. मग टेबलावरचा दिवा मान मुरडत हसतो, पुस्तकं हसतात, कपाटं हसतात. ॲश आधी चक्रावतो, मग तोही त्यांच्यासारखा हसू लागतो, अंग हलवत, दिव्याच्या तालावर. हळूहळू त्याच्या हसण्याचं विव्हळणं होतं. त्याचं हसणं थांबून विव्हळणं कुठे सुरू झालं, ते मला आजही बोटाने दाखवता येत नाही. मग दाराशी चाहूल लागते आणि तो बंदूक उचलून सरळ गोळी झाडतो.

चांगल्या आवाजात त्या खोलीतल्या प्रत्येक वस्तूचं हसणं वेगळं ऐकू येतं. हरणाचं जाड, घशातलं, दिव्याचं चिरकं. मधल्या शांततेत खोली खरंच रिकामी वाटते, म्हणून पहिलं हसू दचकवतं. टीव्हीवर ‘नाइट मोड’ किंवा ‘ऑटो व्हॉल्यूम’ चालू असेल, तर शांतता आणि किंकाळी जवळजवळ एकाच पातळीवर येतात आणि हा प्रसंग नुसता गोंगाट होतो. आणखी काही करणार नसलात, तरी ती सोय तेवढी बंद करा. रात्री शेजाऱ्यांची अडचण असेल, तर हेडफोन लावा. जोसेफ लोडुका यांचं संगीतही हेडफोनवर फार छान उलगडतं.

प्रश्न : पहिला भाग पाहिलेला नाही. चालेल का?

खुशाल चालेल. पहिल्या चित्रपटातली दृश्यं वापरण्याचे हक्क मिळाले नाहीत, म्हणून सुरुवातीच्या काही मिनिटांत ती गोष्ट नव्याने, आटोपशीर चित्रित केली आहे. पहिला भाग पाहिलेल्यांचाच उलट तिथे गोंधळ उडतो. बाकीचे मित्र कुठे गेले, असं त्यांना वाटतं.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. विनोदी आहे म्हणताय, तर त्याच्यासोबत पाहू का?

अजून थांबा. रक्त हिरवं असलं तरी ॲश स्वतःचाच हात करवतीने तोडतो, तो प्रसंग कोवळ्या वयात सोसणारा नाही. आपण हसतो ते आपल्याला भीती आणि तिची नक्कल यातला फरक कळतो म्हणून. तो मोठा झाला की आधी तुम्ही एकटे पाहून घ्या आणि मग ठरवा.

प्रश्न : एकट्याने पाहावा की मंडळी जमवून? आणि टीव्हीपासून किती लांब बसावं?

पहिल्यांदा चार जणांत पाहा. एक जण दचकतो, दुसरा त्याच्या दचकण्यावर हसतो, आणि चित्रपट नेमका तिथेच रंगतो. फोन मात्र सगळ्यांचे दुसऱ्या खोलीत राहू देत. हातातल्या पडद्याचा उजेड समोरच्या अंधाराला पुरता मारतो.

अंतराचं म्हणाल, तर टीव्हीच्या कर्णाच्या सव्वा ते दीडपट. ५५ इंची टीव्ही असेल, तर पावणेदोन ते दोन मीटर. जवळ वाटेल, पण फोर-केचा तपशील त्याहून लांबून डोळ्यांना नीट लागत नाही. कोच भिंतीला टेकलेला असतो म्हणून आपण लांब बसतो. त्या दिवसापुरता तो पुढे ओढा.

दुसऱ्यांदा मात्र एकट्याने पाहा, आणि तेव्हा हवं तिथे थांबवायला हरकत नाही. तोडलेला हात पळून जाऊ नये म्हणून ॲश त्यावर बादली पालथी घालतो आणि बादलीवर पुस्तकांची चळत ठेवतो. सगळ्यात वरच्या पुस्तकाचं नाव तिथे थांबून वाचा. ते मी इथे सांगणार नाही. वाचून काय वाटलं, ते पुढच्या पत्रात जरूर कळवा.